फॅसिलिटेटर हवा की कोच? ॲजाइल टीमसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शक

ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत, स्क्रम हा तिचा एक साचा, आणि तो टीममध्ये नीट चालावा हे बघणारा तो स्क्रम मास्टर. आता ऐरोली, घणसोली, महापे भागातल्या आयटी नोकऱ्यांच्या जाहिराती सलग वाचून बघा. वर ‘स्क्रम मास्टर’ लिहिलेलं असतं आणि खाली टीमचं कोचिंग, क्लायंटचे रिपोर्ट, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरची साफसफाई, रिलीजचं नियोजन हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात मारलेलं असतं. दुसऱ्या जाहिरातीत ‘ॲजाइल कोच’ हवा असतो आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘एका वेळी किती टीमचे स्टँडअप (रोजच्या छोट्या बैठका) घेता?’ या गोंधळात कंपनीचे पैसे जातात आणि नेमलेल्या माणसाचं एक वर्ष फुकट जातं.

इथे दोन कामं वेगळी करून दाखवायची आहेत. टीमची बैठक अशी चालवायची की निर्णय टीमचाच निघेल, हे फॅसिलिटेशन. माणसाला किंवा टीमला स्वतःच्या अडचणीचा नीट विचार करायला लावायचा आणि उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्यायचं, हे कोचिंग. पद कुठलं काढायचं ते नंतर ठरवा. आधी टीमला कुठे दुखतंय ते शोधा, कारण बैठकच धड होत नसेल तर कोच आणून उपयोग नाही, आणि दोघांचं पटत नसेल तर भिंतीवर स्टिकी नोट चिकटवून ते मिटत नाही.

कागदावर काय आहे

हे थोडक्यात आटपतो, पण मॅनेजरशी वाद झाला तर कामाला येईल. स्क्रम मांडणाऱ्या केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांच्या स्क्रम गाइडची पहिली आवृत्ती २०१०ची, सध्याची नोव्हेंबर २०२०ची, आणि तीही अवघ्या १३ पानांची. तीत तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं आणि आधी काय ते ठरवणारा), स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स. ‘ॲजाइल कोच’ हे पद तीत नाही. फेब्रुवारी २००१मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी जो ॲजाइल जाहीरनामा लिहिला, त्यातही नाही. उलट टीमला कोचिंग करणं आणि गरज पडेल तिथे फॅसिलिटेशन करणं, ही दोन्ही कामं गाइडने स्क्रम मास्टरच्याच खात्यात टाकली आहेत. म्हणजे स्क्रम मास्टर बैठका घेणारा आणि कोच विचार करणारा, ही वाटणी आपल्या कंपन्यांनी सोयीसाठी केलेली आहे.

कौशल्यांची वाटणी मात्र खरी आहे. लिसा ॲडकिन्स आणि मायकल स्पेड या ॲजाइल कोचनी २०११मध्ये मांडलेल्या आराखड्यात शिकवणं, मेंटरिंग, फॅसिलिटेशन आणि प्रोफेशनल कोचिंग अशी चार वेगळी अंगं आहेत. आयसीॲजाइल ही संस्था टीम फॅसिलिटेशन आणि ॲजाइल कोचिंग यांची दोन वेगळी प्रमाणपत्रं देते. सेफ (अनेक टीमसाठीचा ॲजाइल आराखडा) वापरणाऱ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये ५० ते १२५ माणसांची ‘ट्रेन’, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या टीमचा गट, असते आणि तिचा रिलीज ट्रेन इंजिनिअर म्हणजे मोठ्या मापाचा फॅसिलिटेटरच.

पायरी १: दोन स्प्रिंट नुसतं बघा

स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरलेला, जास्तीत जास्त महिन्याचा टप्पा. नवीन टीममध्ये गेलात की पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये काहीही बदलू नका. एक वही घ्या. लॅपटॉप नको, तो उघडला की तुम्ही इतरांचे रिपोर्ट लिहिताय असं लोकांना वाटतं. प्रत्येक बैठकीत तीन गोष्टी टिपा: कोण किती वेळा बोललं, निर्णय कुठल्या वाक्यावर झाला, आणि मागच्या रेट्रोत (स्प्रिंट संपल्यावर काय बरं गेलं, काय नाही हे बघायच्या बैठकीत) ठरलेलं या वेळी कुणी काढलं का. दोन स्प्रिंटनंतर वही चाळली की दुखणं साधारण तीन जागांपैकी एका जागी सापडतं.

पहिली जागा म्हणजे बैठक. प्लॅनिंग चार तास चालतं आणि शेवटी लीडच सगळी तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, वाटतो. रेट्रोत दोघंच बोलतात. रिफाइनमेंटला (पुढची कामं स्पष्ट करायच्या बैठकीला) प्रॉडक्ट ओनर वाचून दाखवतो आणि बाकीचे कॅमेरा बंद करून मेल बघतात. इथे फॅसिलिटेशन लागतं.

दुसरी जागा म्हणजे माणसं आणि त्यांच्या सवयी. बैठका ठीक असतात, पण टेस्टिंगवाले आणि डेव्हलपर एकमेकांना टाळतात. लीडला काम सोडवत नाही. प्रॉडक्ट ओनर क्लायंटला ‘नाही’ म्हणत नाही. बैठकीचा अजेंडा कितीही सुधारला तरी हे बदलत नाही, इथे कोचिंग लागतं.

तिसरी जागा टीमच्या वरची, आणि आपल्याकडे ती फार असते. एक नमुना बघा. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, म्हणून डेली स्टँडअप साडेसहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात आणि तोच स्टँडअप साडेसातला सरकतो, तो थेट मार्चपर्यंत. मग ऐरोलीहून ठाणे गाठून पुढे बदलापूरला जाणारी मुलगी कानात इअरफोन घालून लोकलमध्ये उभ्याउभ्या ‘नो ब्लॉकर्स’ म्हणते आणि बोलणं संपतं. मॅनेजरला वाटतं टीममध्ये उत्साह नाही, कोच बोलवू या.

यात कोचचं काही काम नाही. डेली स्क्रम, म्हणजे हाच स्टँडअप, हा डेव्हलपर्सचा स्वतःचा दिवस आखायचा १५ मिनिटांचा वेळ आहे, क्लायंटला हजेरी द्यायचा नाही. सकाळी अकराला टीमचा स्टँडअप ठेवा, क्लायंटबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी वेगळा कॉल ठेवा आणि त्याला दोघंच जाऊ द्या, तेही आलटून पालटून. हे मान्य करून घ्यायला डिलिव्हरी मॅनेजर आणि क्लायंट दोघांशी बोलावं लागेल. तो अडथळा दूर करण्याचा भाग झाला आणि ते स्क्रम मास्टरचं काम आहे. आधी हे करा. ‘टीममध्ये ओनरशिप नाही’ या तक्रारीतला बराच भाग नुसती वेळ बदलल्यावर गळून पडतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी २: फॅसिलिटेशन बैठकीच्या आदल्या दिवशी सुरू होतं

बैठकीत शिरून ‘चला, कोण बोलतंय?’ म्हणणं म्हणजे फॅसिलिटेशन नव्हे. आदल्या दिवशी एका वाक्यात लिहून काढा: ही बैठक संपताना हातात काय असलं पाहिजे? ‘रिलीजवर चर्चा’ हे उत्तर नाही. ‘२० तारखेच्या रिलीजमध्ये कुठल्या स्टोरीज (वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे लिहिलेली छोटी कामं) जातील याची यादी, आणि बाकीच्या का नाहीत याचं कारण’ हे उत्तर आहे. असं वाक्य लिहिता येत नसेल तर बैठक रद्द करा. कुणी रडणार नाही.

मग कोण हवं आणि कोण नको ते ठरवा, यातलं दुसरं जास्त अवघड. रेट्रोला डिलिव्हरी मॅनेजरने बसावं का? तो अप्रेझल लिहितो आणि टीमला हे माहीत आहे. आपल्या ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत असले तरी मॅनेजर खोलीत आला की तोंडात ‘सर’ येतं आणि मनातलं मनात राहतं. त्याला चारचौघांत ‘येऊ नका’ म्हणायची गरज नाही. आदल्या दिवशी जागेवर जाऊन सांगा: ‘सर, उद्याच्या रेट्रोत टीमला मोकळं बोलू द्यायचंय. शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही या, जे ठरलं ते टीम स्वतः सांगेल, आणि तुमच्याकडून काय मदत हवी तेही.’ बहुतेक मॅनेजर यावर हो म्हणतात, कारण त्यांचाही तास वाचतो.

वेळेचं गणित गाइडमध्येच आहे. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवायची बैठक) ४ आणि रेट्रो ३. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला साधारण निम्मं धरा.

पायरी ३: प्रत्यक्ष बैठक, रेट्रोचं उदाहरण घेऊन

आठ जणांची टीम, पाच ऑफिसात, तिघं घरून. दीड तास. हीच बैठक घेतोय कारण ती बिघडली की बाकीच्या दुरुस्त होत नाहीत.

एकही माणूस स्क्रीनवर असेल तर सगळ्यांनी आपापला लॅपटॉप उघडायचा. टेबलावरच्या माइकमधून घरच्या माणसाला फक्त एसीचा आवाज आणि कोपऱ्यातली कुजबुज ऐकू येते, आणि दहा मिनिटांनी तो मनाने बैठकीतून उठून जातो. बोर्ड ऑनलाइन ठेवा. नाव न दिसता लिहायची सोय चालू करा.

पहिली दहा मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीची. झाली का? नाही झाली तर का? इथे आरोप नको, कारण हवं. ही दहा मिनिटं गाळलीत तर टीमला कळतं की इथे ठरवलेलं कुणी विचारत नाही, आणि पुढची ऐंशी मिनिटं नाटक होतं.

मग सात मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. खरोखर गप्प. मराठीत, हिंदीत, रोमन लिपीत, जसं जमेल तसं. ‘ॲपचा बिल्ड दर वेळी माझ्याच मशीनवर का करायचा’ हे वाक्य सुचेल तसं लिहिलं गेलं तर त्यातली चीड बोर्डवर येते. तेच वाक्य इंग्रजीत ‘बिल्ड प्रोसेस नीड्स इम्प्रूव्हमेंट’ होतं आणि त्यावर कुणीच काही बोलत नाही. आधी लिहायचं आणि मग बोलायचं, याचं कारण साधं आहे: सीनियर आधी बोलला की ज्युनिअरचं मत त्याच्या मतासारखंच होऊन बसतं.

सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा, पण गटांना नावं तुम्ही देऊ नका, टीमला विचारा. प्रत्येकाला तीन मतं द्या. सगळ्यात जास्त मतं पडलेला एकच विषय घ्या, फार तर दोन.

आता चर्चा, आणि फॅसिलिटेटरची खरी परीक्षा इथे होते. प्रश्न विचारला आणि कुणी बोललं नाही तर मनात दहापर्यंत मोजा. सहावर तुम्हाला तोंड उघडायची फार हुक्की येईल, उघडू नका. साधारण आठ-नऊच्या सुमाराला जो माणूस बोलतो, तो सहसा बैठकीत न बोलणारा असतो. दोघंच बोलत राहिले तर त्यांना गप्प करू नका, बाजूने वाट काढा: ‘हा मुद्दा लिहून घेतला. ज्यांनी अजून काही म्हटलं नाही त्यांना यात काय दिसतंय?’ नाव घेऊन ‘तू बोल’ म्हणालात तर काही मुली आणि बरेच फ्रेशर आणखी आक्रसतात. त्यापेक्षा दोघा-दोघांना तीन मिनिटं आपसात बोलू द्या आणि मग जोडीचं मत विचारा. जोडीचं मत सांगणं सोपं असतं, चुकलं तर ते एकट्याच्या अंगावर येत नाही.

तुम्हाला स्वतःला तांत्रिक मत असेल तर? पूर्वी डेव्हलपर असलेल्या स्क्रम मास्टरना हे फार जड जातं. बैठक चालवणाऱ्याने बाजू घेतली की टीम लगेच ताडते की उत्तर आधीच ठरलंय. अगदीच सांगायचं असेल तर उघड सांगा: ‘दोन मिनिटं मी फॅसिलिटेटर नाही, जुना जावावाला म्हणून बोलतोय.’ बोला, आणि पुन्हा आपल्या जागी या.

निर्णयासाठी हाताची बोटं वापरा. पाच बोटं म्हणजे मनापासून मान्य, तीन म्हणजे चालेल, एक म्हणजे मला गंभीर अडचण आहे, मूठ म्हणजे नाही. एक बोट दाखवणाऱ्याला विचारा, ‘काय बदललं तर तुझी तीन होतील?’ ‘सगळे ओके ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे सगळे मान डोलावतात. ती मान संमतीची नसते, जेवायची वेळ झालेली असते.

शेवटी हातात एक कृती, एक नाव आणि एक तारीख. ‘कम्युनिकेशन सुधारू’ ही कृती नाही. ‘सोमवारपासून बिल्ड सर्व्हरवरूनच, स्क्रिप्ट अमुक जण बुधवारपर्यंत लिहील’ ही कृती आहे. ती पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, बाकीच्या कामाच्या शेजारी टाका, नाहीतर ती बोर्डवरच मरते.

दर स्प्रिंटला जहाज, गरम हवेचा फुगा, तीन डुकरं असे नवेनवे खेळ आणणाऱ्या स्क्रम मास्टरबद्दल माझं मत फारसं बरं नाही. खेळ बदलला की चार दिवस मजा येते. तेच तेच कंटाळवाणे प्रश्न विचारून मागच्या कृतीचा हिशेब घेणारी रेट्रो जास्त काम करते.

सराव कुठे करायचा? घोडबंदर रोडवर किंवा खारघरला मोठ्या सोसायटीत राहत असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे मुहूर्त चुकत नाही. पार्किंगचा विषय तुम्ही सूत्रं हातात घेऊन चाळीस मिनिटांत एका ठरावापर्यंत नेलात, तर रेट्रो म्हणजे किरकोळ वाटेल.

पायरी ४: कोचिंग सुरू करण्याआधी तिघांचा करार

कोचिंगची सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. आपल्याकडे मॅनेजर म्हणतो, ‘त्या लीडला जरा कोच करा, फार हेकट आहे’ आणि कोच सरळ लीडसमोर जाऊन बसतो. लीडला वाटतं, आपल्याला पीआयपीवर (सुधारा नाहीतर जा, अशा मुदतीवर) टाकायची तयारी चाललीय. पहिल्याच दिवशी काम बिघडतं.

करार मेलवर चार ओळींचा असला तरी चालेल, पण मॅनेजर, कोच आणि ज्याला कोचिंग मिळणार तो, तिघं एकाच वेळी हजर असताना बोलून झालेला हवा. विषय काय, किती भेटी, किती दिवसांनी. मॅनेजरला काय कळेल: भेटी झाल्या की नाही, आणि माणसाने स्वतः सांगायचं ठरवलं असेल ते. काय कळणार नाही: भेटीत काय बोलणं झालं. कोचने अप्रेझलमध्ये एक शब्दही लिहायचा नाही, ही अट मॅनेजरच्या तोंडून वदवून घ्या. आणि माणसाला नको असेल तर नको. कोचिंग सक्तीचं होत नाही. सक्ती करायचीच असेल तर ट्रेनिंगला पाठवा.

गुप्ततेला एक मर्यादा आहे, तीही पहिल्याच भेटीत सांगा. भेटीत एखाद्या बाईने लैंगिक छळाची गोष्ट काढली तर ती कोचिंगचा विषय राहत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्या बाईला तिथवर पोचायला मदत करायची. ‘यातून तू काय शिकलीस?’ असले प्रश्न तिथे विचारणं हा निव्वळ अपराध आहे.

पायरी ५: कोचिंगचं संभाषण कसं चालतं

जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेला ग्रो नावाचा साचा नवशिक्याला पुरतो: काय साधायचंय, आत्ता स्थिती काय आहे, कायकाय करता येईल, आणि त्यातलं तू काय करणार. पण साचा पाठ करून उपयोग नाही. एका टेस्ट लीडबरोबरचं संभाषण साधारण असं जातं:

‘शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या स्टोरीज माझ्या अंगावर येतात. डेव्हलपर ऐकतच नाहीत. तुम्हीच सांगा ना त्यांना.’

‘सांगता येईल. पण आधी सांग, आपण आता अर्धा तास बोलणार आहोत. यातून काय निघालं तर तुला बरं वाटेल?’

‘शुक्रवारी रात्री दहापर्यंत बसायला लागू नये, बस.’

‘अशी एखादी स्प्रिंट गेलीय का, जिच्यात बसायला लागलं नाही?’

ती गप्प. कोचही गप्प.

‘मार्चमध्ये गेली होती एक. पेमेंटच्या स्टोरीज होत्या. तो नवीन मुलगा माझ्या शेजारीच बसायचा, कोड टाकायच्या आधी दाखवायचा.’

‘तेव्हा आणखी काय वेगळं होतं?’

‘टेस्ट केसेस मी त्याला आधीच दिल्या होत्या. त्याने मागितल्या म्हणून.’

‘बाकीच्यांनी?’

‘नाही मागितल्या.’ मग जरा थांबून, ‘मी दिल्याही नाहीत म्हणा.’

टेस्टिंग आधी आणा, केसेस प्लॅनिंगलाच लिहा, हा सल्ला कोचला दुसऱ्या मिनिटाला देता आला असता. तो बरोबरही होता. पण तिने तो मागच्या तीन ट्रेनिंगमध्ये ऐकलेला आहे आणि स्लाइडसकट विसरलेली आहे. ‘मी दिल्याही नाहीत’ हे तिचं तिला दिसलं, त्यानंतरच प्रश्न विचारायचा: ‘मग या स्प्रिंटला काय करून बघशील?’ ती म्हणेल, ‘दोन स्टोरीजच्या केसेस प्लॅनिंगच्या दिवशी देते. सगळ्यांच्या नाही जमणार.’ दोनच पुरेत. ‘कुणाच्या दोन?’ आणि ‘झालं की नाही ते आपण कधी बघायचं?’ एवढं विचारून उठा. तिच्या वतीने डेव्हलपरांशी बोलायला जाऊ नका.

प्रश्न ‘का’ने सुरू करू नका. ‘का नाही दिल्यास?’ म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. ‘काय’, ‘कसं’, ‘कधी’ हे बरे. प्रश्नाच्या पोटात उत्तर लपवूही नका. ‘टेस्ट केसेस आधी दिल्या तर बरं होईल असं नाही वाटत?’ हा कोचिंगचा प्रश्न नाही, तो प्रश्नचिन्ह लावलेला हुकूम आहे.

जागाही महत्त्वाची. काचेची मीटिंग रूम टाळा, मजल्यावरचे सगळे बघत असतात की आज कुणाचा नंबर. खालच्या फूड कोर्टचा दुपारी चारचा शांत कोपरा किंवा कॅम्पसमध्ये एक फेरी चांगली. पावसाळ्यात लोकल बंद पडून सगळे घरी असतील तर व्हिडिओपेक्षा साध्या फोनवर बोलणं जास्त मोकळं होतं.

आणि सगळ्यालाच कोचिंग लागत नाही. कालच रुजू झालेला मुलगा विचारतो, ‘स्टोरी पॉइंट म्हणजे काय?’ त्याला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणाऱ्या कोचला चहाही मिळू नये. त्याला सरळ शिकवा. ज्याला माहिती आहे पण अनुभव नाही, त्याला तुमचा अनुभव सांगा, ते मेंटरिंग. ज्याच्याकडे दोन्ही आहे आणि तरी अडलंय, त्याला कोचिंग.

पायरी ६: दोन्ही तुम्हीच असाल तर

बहुतेक ठिकाणी हीच स्थिती असते. एका स्क्रम मास्टरला दोन-तीन टीम, आणि वेगळ्या कोचचा खर्च क्लायंटला बिल करता येत नाही म्हणून कंपनी तो नेमत नाही. मग टोपी बदलताना तोंडाने सांगा. बैठकीत टीम दोघांच्या भांडणात अडकली तर तिथेच कोचिंग सुरू करू नका, सहा माणसं प्रेक्षक होतात. ‘हे आपण तिघं नंतर बोलू. आत्ता रिलीजचा निर्णय घेऊ’ म्हणा, आणि संध्याकाळच्या आत खरंच बोला.

उलटही होतं. तीन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कोचिंग भेटींत तीच तक्रार केली, समजा प्रॉडक्ट ओनर स्प्रिंटच्या मध्ये काम घुसवतो, तर तो आता वैयक्तिक प्रश्न उरलेला नाही. कुणाचं नाव न घेता टीमला एकत्र बसवा आणि फॅसिलिटेशन करा. पण त्या तिघांना आधी विचारून.

स्क्रम मास्टर स्वतः प्रोजेक्ट मॅनेजरही असेल, टाइमशीट मंजूर करत असेल, रेटिंग देत असेल, तर त्याने कोचिंगचा नाद सोडावा. फॅसिलिटेशन थोडंफार जमेल, तेही रेट्रो वगळून. रेट्रोसाठी शेजारच्या टीमचा स्क्रम मास्टर मागा आणि त्याची रेट्रो तुम्ही घ्या. या अदलाबदलीला मंजुरी लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

पायरी ७: माणूस निवडताना

फॅसिलिटेटर निवडायचा तर मुलाखतीत गप्पा मारू नका. पाच जणांना खोलीत बसवा, खरा अडलेला विषय द्या आणि उमेदवाराला पंधरा मिनिटं बैठक चालवू द्या. तो किती बोलतो ते घड्याळावर मोजा. निम्म्याहून जास्त बोलला तर नको.

कोच निवडायचा तर त्याला तुमची खरी अडचण सांगा. दोन मिनिटांत तो दुसऱ्या कंपनीत काय केलं ते सांगायला लागला तर तो सल्लागार आहे. सल्लागारही लागतात, पण तसं ठरवून घ्या. चांगला कोच आधी विचारेल, ‘हे कुणाला हवंय?’ आणि ‘मी कुणाला रिपोर्ट करणार?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याच टीमच्या डिलिव्हरी मॅनेजरला’ असं नसलं तर बरं.

प्रमाणपत्रं: पीएसएम-वन आणि सीएसएम ही दोन्ही स्क्रम मास्टरची. पीएसएम-वनला ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि ८५ टक्क्यांना पास, प्रमाणपत्राला मुदत नाही, कोर्सची सक्ती नाही. सीएसएमला आधी कोर्स, मग ५० प्रश्नांतले ३७ बरोबर, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. दोन्ही परीक्षा स्क्रम समजलंय का ते बघतात, बैठक चालवता येते का ते नाही. कोचिंगमध्ये गंभीरपणे उतरायचं असेल तर आयसीएफ या कोचांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पातळ्या बघा: पहिल्या एसीसीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पुढच्या पीसीसीला १२५ आणि ५००. ते पाचशे तास पाहिले की ‘तीन दिवसांत कोच’ या जाहिरातीची किंमत कळते.

करिअरचा विचार करणाऱ्यांसाठी एक बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने ॲजाइल भूमिकांमधली सुमारे १,१०० पदं काढून टाकली आणि ते काम इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजरकडे दिलं. अशाच क्लायंटांच्या भरवशावर आपल्याकडच्या बऱ्याच टीम चालतात. पद गेलं तरी बैठक चालवायची आणि माणसाचं ऐकून घ्यायची गरज उरतेच, म्हणून लीड, टेस्टर, बिझनेस ॲनालिस्ट यांनी पहिल्या पाच पायऱ्या स्वतःसाठी शिकून ठेवाव्यात.

पायरी ८: बाजूला होणं

फॅसिलिटेटरने तिसऱ्या महिन्यापासून बैठका वाटायला सुरुवात करावी. आधी स्टँडअप, तो तर टीमचाच आहे. मग रिफाइनमेंट. रेट्रो सगळ्यात शेवटी. ज्याच्याकडे द्याल त्याच्याबरोबर आदल्या दिवशी पायरी २ करा, बैठकीत मागे बसा, आणि नंतर दहा मिनिटं दोघं बोला. बैठक चालू असताना त्याला दुरुस्त करू नका, जीव कितीही तुटला तरी.

कोचच्या करारात शेवटची तारीख पहिल्या दिवशीच लिहा, साधारण सहा ते आठ स्प्रिंटची. मध्ये एक पूर्ण स्प्रिंट त्याने टीमकडे फिरकू नये आणि परतल्यावर पायरी १ची वही पुन्हा उघडावी: कोण बोललं, निर्णय कसा झाला, मागचं कुणी काढलं का. वहीतलं चित्र पहिल्या वेळेपेक्षा वेगळं नसेल तर मुदत वाढवून काही होणार नाही, आणि दुखणं पायरी १मधल्या तिसऱ्या जागी, म्हणजे टीमच्या वर आहे का ते तपासायला हवं. चित्र बदललं असेल आणि तरी मुदत वाढवायची असेल, तर ती मागणी टीमकडून आली पाहिजे. डिलिव्हरी मॅनेजरच्या मेलमधून आली तर सही करण्याआधी टीमला विचारा.